कौन आई?

यमुनाच्या देव्हाऱ्यात तीन टाक होते. एक खंडोबाचा, एक कुलस्वामिनीचा आणि तिसरा करंगळीच्या नखाएवढा, चांदीच्या पत्र्यावर बाईचा चेहरा कोरलेला. तो सवतीचा. बिजवराला दिलेल्या बाईनं आधी मेलेल्या पहिलीला कुंकू लावायचं आणि मग स्वतःच्या कपाळाला बोट लावायचं, असं सासूनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं. यमुनानं ते कधी मोडलं नाही. सुनेत्राला तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं, पण रोज सकाळी भेटत मात्र होती.

दर शनिवारी पूजा जरा लवकर आटपायची. मग डब्यात बेसनाचे दोन लाडू नाहीतर दशम्या घालून प्रताप नगरातून बस धरायची आणि जयपूर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जायचं. तिथं उंच भिंतीआड मुलांचं रिमांड होम होतं. आत तिचा वरुण होता. तिचा म्हणजे सुनेत्राचा. वरुण तिला मावशी म्हणायचा.

यमुनाचा नवरा नागनाथ मनमाडचा. रेल्वेची भरती अजमेरची निघाली म्हणून इकडं आला, आणि सांगानेरच्या बाजूला रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये लागला तो लागलाच. उन्हात रूळ तापतात तसा माणूस तापलेला, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. त्याच्या पोरानं, रेल्वेचं मीठ खाणाऱ्या घरातल्या पोरानं, रेल्वेतच हात मारला. दुर्गापुऱ्याजवळ गाडी हळू झाली तशी दारात उभ्या बाईच्या हातातला मोबाइल तीन पोरांनी हिसकला. बाई तोल जाऊन खाली पडली. वाचली, पण खुब्याचं हाड मोडलं. दोघं मोठी पोरं पळाली. वरुण मात्र त्या बाईजवळच बसून राहिला. पोलिसांना तो तिथंच सापडला, तिच्या डोक्याखाली स्वतःचा शर्ट घालून. खिशात सायकलचं पंक्चर काढायच्या सोल्यूशनची ट्यूब होती. चौदा वर्षांचं पोर ते हुंगत होतं, आणि घरात कोणाला पत्ता नाही.

महिनाअखेरीला बाल न्याय मंडळाची, म्हणजे बोर्डाची तारीख होती. पोराला घरी सोडायचं, की तिथंच ठेवायचं, की डोक्याच्या दवाखान्यात पाठवायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं. यमुना देवापाशी एकच मागायची, पोर माझ्या पदरात टाक. पदर कोणाचा, पोर कोणाचं, असले हिशेब तिनं देवावर सोडले होते.

भेटीच्या आधी पत्र्याच्या शेडखाली थांबावं लागे, आणि भेटही तिथल्याच टेबलांवर व्हायची. तिथं बसलेल्या माणसांची एकमेकांशी ओळख झाली होती. टोंकची एक बाई यायची, तिच्या पोराचा बाप जेलमध्ये आणि पोर इथं. "दो जगह टिफिन देती हूँ जी," असं ती हसून सांगायची आणि हसता हसताच ओढणी तोंडाला लावायची. बिहारचे एक आजोबा होते. त्यांच्या नातवाला लाखेच्या बांगड्यांच्या कारखान्यात कोणीतरी आणून कोंडलं होतं. तिथून सुटला तो रस्त्यावर, आणि रस्त्यावरून इथं. नातू भेटायला आला की आजोबांकडं न बघता दाराकडं बघत बसायचा, आणि कोणी मोठ्यानं बोललं की हात डोक्यावर धरायचा. यमुना हे सगळं बघायची आणि मनात म्हणायची, ही पोरं चोर दिसत नाहीत बाई, ही तर तापानं फणफणल्यासारखी दिसतात.

त्या शनिवारी वरुण आला तो पाय ओढत. ओठाच्या कडेला लाळ सुकलेली. लाडू हातात दिला तर बोटांत चुरून गेला.

"काय रे, बरं नाही का?"

"गोळी देतात, मावशी. मतलब, डॉक्टरनी दिली आहे. झोप येते, बस."

"रात्री झोपत नाहीस का?"

तो लाडवाचा भुगा बोटांनी चाळत बसला.

वेळ संपली, तो आत गेला, आणि पहाऱ्यावरचे मुरलीधरजी तिच्याजवळ आले. दौशाकडचा माणूस, मिशा पांढऱ्या, मनानं वाईट नव्हे. आवाज खाली आणून म्हणाले, "बहनजी, एक बात कहूँ? बुरा मत मानना. रात को आपके लडके के पास कोई आती है."

"कौन?"

"वो तो बालाजी जाने. नींद में उठ बैठता है, दरवाजे की तरफ मुँह करके चिल्लाता है, आई! आई! मैं लाठी लेके दौडता हूँ, पूछता हूँ, कौन आई रे? कौन आई? तो चादर ओढके लेट जाता है. कोई औरत है, पक्की बात. मेहंदीपूर ले जाओ बहनजी, बालाजी के दरबार में अच्छे-अच्छे भाग जाते हैं."

कोण बाई येणार? दुसरी कोण असेल? रोज जिला कुंकू लावते तीच. आपलं काय चुकलं, कुठला नैवेद्य राहिला, म्हणून ती लेकराच्या उशाशी येऊन बसते? त्याच तंद्रीत ती समुपदेशन करणाऱ्या सोनम मॅडमच्या टेबलासमोर जाऊन बसली. सोनम मॅडम वयानं लहान, अजमेरच्या. त्यांनी विचारलं, घरात कोणाचा मृत्यू झालाय का? यमुना तिच्या मोडक्या हिंदीत सांगून मोकळी झाली, "हाँ जी. उसकी पहली माँ. वोही आती होगी."

मॅडमनी ते लिहून घेतलं. पुढं ते डॉक्टरांकडं गेलं. मुलाला मेलेली आई दिसते, घरचे लोकही तसंच म्हणतात. गोळी वाढली.

यमुनानं घरी येऊन दहीभात ओवाळून टाकला, टाकापुढं नाक घासलं. "बाई, माझं काय असेल ते माझ्यावर काढ. लेकराला सोड." पुढच्या शनिवारी वरुण तिच्यासमोर बसल्या बसल्या पेंगत होता. तिनं हाक मारली तर डोळे उघडायला त्याला कितीतरी वेळ लागला.

मंगळवारी ती भाकऱ्या थापत होती. लक्ष ठिकाणावर नव्हतं. तवा उतरवताना फडकं सरकलं आणि चार बोटं तापल्या लोखंडाला चिकटली.

"आई गं!"

बोटं पाण्यात घालायची तीही तशीच राहिली. यमुना चुलीसमोर उभी. आपण आत्ता काय म्हणालो? तिची आई येवल्याच्या बाजूला शेतात राबून राबून कधीच मेली होती, आणि बोट भाजलं की हाक तिलाच जात होती. दुखलं की मराठी माणूस दुसरं काय म्हणतो? आई.

पोर म्हणत होतं, आई. आणि जयपूरच्या माणसाला ऐकू येत होतं, ती आली.

बरं, मुरलीधरजींचं काय घेऊन बसलात. त्यांची भाषाच ती. पण ऐकलं तर यमुनानंही हिंदीतच होतं. चार वर्षं दूधवाल्याशी, भाजीवाल्याशी, शेजारणींशी हिंदी बोलून बोलून तिचे कान असे वळले होते की, आपल्या घरातला पहिला शब्द परक्या तोंडून आला आणि तिनं ओळखला नाही. वर त्याचं भूत करून ती कागदावर लिहवून आली.

मग तिला दुसरं आठवलं. मुरलीधरजी दर वेळी त्याला काय विचारायचे? कौन आई? झोपेतून दचकून उठलेल्या, अर्ध्या मराठी कानाच्या पोराला काय ऐकू येत असेल? कोण आई? तुझी आई कोण?

पोरानं काय उत्तर द्यावं? म्हणून चादर ओढून घेत होतं.

भेटीचा दिवस नव्हता. तरी ती गेली. फाटकावर मुरलीधरजी म्हणाले, "आज तो मंगल है बहनजी, शनिवार को आना."

"शनिवार तक नहीं रुकेगा," ती म्हणाली. "मेरेसे गलती हो गया. मॅडम को बुलाव."

सोनम मॅडमसमोर तिला धड बोलता येईना. भाजलेला हात पुढं करून ती सांगू लागली, "ऐसा जला, तो मेरे मुँह से क्या निकला? आई. आई मतलब माँ, मॅडम. मराठी में माँ को आई बोलते. कोई नहीं आती उसके पास. वो बुलाता है."

मॅडमनी कपाटातून तो कागद काढला, वाचला आणि उलटा करून ठेवला. दारात मुरलीधरजी उभे होते. टोपी काढून त्यांनी हातात घेतली. "माँ को पुकारता था छोरा," ते स्वतःशीच म्हणाले, "और मैं लाठी लेके जाता था."

"दवा का मैं आज ही डॉक्टर साहब से बोलूँगी," मॅडम म्हणाल्या. "पर एक बात बताइए, यमुनाजी. जागते में उसने आज तक माँ का नाम नहीं लिया. मैं पूछती हूँ तो कहता है, गाँव गई है. चौदह साल का लडका. किसीने उसे बताया था?"

"किसीने नहीं, मॅडम," यमुना म्हणाली.

ते असं झालं होतं. कोरोनाची दुसरी लाट होती. सुनेत्रा आजारी आईची सेवा करायला मनमाडला गेली आणि तिथंच पडली. मनमाडहून मालेगाव, मालेगावहून नाशिक, असं हलवत नेलं. तिचा भाऊ आनंदराव स्वतः ऑक्सिजनवर. इकडं जयपुरात नागनाथ तापानं खोलीत बंद. फोनवर निरोप आला तेव्हा सगळं उरकून गेलं होतं. वरुण तिसरीत होता. शेजारणीच्या घरी जेवायचा आणि दाराच्या फटीतून विचारायचा, पप्पा, आई कधी येणार? नागनाथ आतून म्हणाला, "गावाला गेलीय."

तेव्हा सांगायची ताकद नव्हती म्हणून म्हणाला. नंतर तोंड उघडेना म्हणून तेच राहिलं. पोराला कळू नये म्हणून ना सुतक पाळलं, ना दहावा केला, ना फोटोला हार घातला. पुढं देव्हाऱ्यात तिचा टाक बसला तोही देवीचा म्हणून. वर्षानं यमुनाला आणली, तेव्हा सांगितलं, ही मावशी. आई गावाला आणि मावशी घरात. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का? पण पोर काही बोलेना, तेव्हा सगळ्यांना वाटलं, विसरलं. मग ते शाळा बुडवून स्टेशनवर जाऊन बसू लागलं. गावाला जाणारी गाडी जिथून सुटते, तिथं. स्टेशनवर कोण पोरं भेटतात ते सगळ्या जगाला माहीत आहे.

मॅडम म्हणाल्या, "ये बात आप नहीं बताएँगी. बाप बताएगा. तारीख से पहले."

घरी नागनाथ जेवायला बसला होता. यमुनानं वाढता वाढता सांगितलं. त्याचा घास हातातच थांबला.

"इतक्या वर्षांनी आता काय सांगू?"

"जे झालं ते."

"त्याला कळलं असेलच की. येडं आहे का ते?"

"मग सांगायला काय जातंय तुमचं?"

"तू नको शिकवू मला! तुझं काय गेलंय त्यात?"

यमुना आजवर या बोलण्यावर गप्प बसत आली होती. त्या दिवशी बसली नाही. "माझं काय गेलं? तिला रोज कुंकू मी लावते. तिचं पोर मी न्हाऊ घातलं. तुम्ही तिचं नाव या घरात एकदा तरी घेतलंत का? तुम्ही तोंड शिवून बसलात आणि पोर झोपेत बोंबलतंय. त्याला लोक भूत म्हणतात. मीही म्हणाले."

नागनाथनं ताट सारलं. पण शनिवारी, तिनं बोलावलं नव्हतं तरी, तो चप्पल घालून दारात उभा होता.

गोळी कमी झाली होती. वरुणचे डोळे उघडे होते. बापाला बघून तो खुर्चीच्या कडेवर टेकला, उठून जायची तयारी असल्यासारखा. नागनाथ टेबलाच्या फळीवर नख ओढत राहिला.

"वरुण. तुझी आई गावाला नाही गेली. मतलब, गेली होती. ती वारली रे."

"मालूम है."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. शेजारच्या आंटी फोनवर बोलत होत्या." वरुणचा आवाज सपाट होता. "तुम्ही सांगाल, असं वाटलं. मग मावशी आली. मग मी विचारलं नाही."

"स्टेशनवर कशाला जायचास मग? आईला आणायला नव्हतास जात?"

"जायचं होतं. बघायला. मतलब, ती जागा." त्यानं पहिल्यांदा बापाकडं सरळ बघितलं. "कुठं जाळलं तिला?"

नागनाथचं नख फळीवर थांबलं.

"आग कोणी दिली?"

"मला माहीत नाही," नागनाथ म्हणाला. "मी विचारलंच नाही कधी."

वरुण उठला. हळू चालत आत गेला. यमुनानं आणलेल्या दशम्या टेबलावर तशाच राहिल्या.

तारखेला बोर्डापुढं यमुना नवा शर्ट घेऊन गेली होती, पोर घरी न्यायचं म्हणून. सगळं बरं चाललं होतं. मॅडमनी लिहून दिलं होतं की मुलगा वेडा नाही, दुःखात आहे. त्याला उपचार हवेत, नशा सोडवायला मदत हवी, झोप हवी. ती पडलेली बाईसुद्धा म्हणाली होती की हा पोरगा पळाला नाही. मंडळाच्या बाईंनी त्याला जवळ बोलावून विचारलं, "घर जाओगे बेटा?"

यमुनानं पदराची गाठ धरली होती.

"अभी नहीं," वरुण म्हणाला.

"क्यों? कोई मारता है?"

"नहीं. वहाँ कोई बोलता नहीं."

पुढची तारीख पडली. उपचार तिथंच चालू राहतील, आई-वडलांनीही मॅडमकडं दर आठवड्याला येऊन बसायचं. बाहेर आल्यावर नागनाथ भिंतीला टेकून उकिडवा बसला. यमुनाला वाटलं, आता हा पोरावर चिडणार. तो म्हणाला, "मी नाशकाला जाऊन येतो."

रजा टाकून तो गेला. कुठं कुठं फिरला ते त्यानं फोनवर सांगितलं नाही, आणि यमुनानं विचारलं नाही. परत आला तेव्हा डोक्यावर टोपी होती. घरात आल्यावर त्यानं ती काढली. डोकं, मिशा, सगळं भादरलेलं. यमुनाच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"जागा मिळाली नाही," तो म्हणाला. "स्मशानातली माणसं बदललीत. एक म्हातारा होता. म्हणाला, त्या दिवसांत रांगा होत्या, बाबा, कोणाचं कोण, कोणी लक्षात ठेवलं? मग तिथंच, नाशकातल्या गंगेवर गेलो. गुरुजी म्हणाले, उशीर झाला तरी तिला पोचतं." मग म्हणाला, "आता पोराला काय सांगू? विचारलं होतं त्यानं, आणि मी हात हलवत आलो."

"तेच सांगा. मिळाली नाही म्हणून सांगा."

शनिवारी वरुण आला आणि बापाचं डोकं बघून उभाच राहिला. मराठी घरातलं पोर कितीही हिंदी बोलो, त्याचा अर्थ त्याला कळतो. नागनाथनं त्याला सगळं सांगितलं. म्हातारा, रांगा, न मिळालेली जागा. आयुष्यात तो एवढं सलग कधी बोलला नसेल. मध्ये मध्ये अडखळत होता, पण थांबला नाही. आणि दर वाक्यात तिचं नाव घेत होता. सुनेत्रा असं म्हणायची. सुनेत्राला अंबाडीची भाजी लागायची. सुनेत्रानं तुझं नाव ठेवलं.

वरुणनं ऐकून घेतलं. मग स्वतःच्या केसांवर हात फिरवत विचारलं, "आणि माझे?"

नागनाथला कळेना.

"मुलगा पण करतो ना? मी तर नाही केलं काही."

मेलेल्या आईचा एकुलता एक लेक, आणि त्याच्याकडून पाणीसुद्धा कोणी सोडवून घेतलं नव्हतं. यमुना पुढं झाली. "तुझाच पहिला मान होता रे बाळा. आम्ही घेतला तो तुझ्याकडून."

तेव्हा वरुण रडला. भर दुपारी, जागेपणी, टोंकच्या बाईसमोर, बिहारच्या आजोबांसमोर. आई, आई, म्हणून मोठ्यानं. शेडमधली सगळी माणसं वळून बघू लागली. बिहारच्या नातवानं डोक्यावर हात धरले, आणि मग हळूच काढले. मुरलीधरजी दारातून आत आले, अर्ध्यात थांबले आणि इतरांकडं वळून हात हलवत म्हणाले, "कुछ नहीं, कुछ नहीं. अपनी माँ को रो रहा है."

नागनाथनं टेबलावरून हात पुढं केला. वरुणनं तो धरला नाही, पण आपला हात मागंही घेतला नाही.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. त्या दिवशी सोनम मॅडमनी उठवायची दुसरी घंटा वाजवू दिली नाही. बाकीचे निघून गेले तरी ही तिघं पत्र्याखाली बसून होती. पोर घरी यायला अजून कितीतरी तारखा जायच्या होत्या. यमुनानं पदरानं त्याचं तोंड पुसलं, आणि त्यानं पुसू दिलं.